खलनायक एक असावा, अख्खी जमात नव्हे

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांनी आणला. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात, फासे टाकतात आणि तोंडी गोष्ट रचत जातात. प्रत्येकाकडे एक पात्र असते. खलनायकाची बाजू सूत्रधार सांभाळतो. कादंबरीतल्या दुष्टाला वाचक जाब विचारू शकत नाही. इथे समोरचा खेळाडू विचारतो आणि खलनायकाला तिथल्या तिथे उत्तर द्यावे लागते. म्हणून आम्ही त्याला एकच कसोटी लावतो : त्याच्या दुष्टपणाला त्याचे स्वतःचे कारण आहे काय?

या कसोटीवर स्ट्राड खरा उतरतो. ट्रेसी व लॉरा हिकमन या दांपत्याच्या ‘रेव्हनलॉफ्ट’ (१९८३) या साहसकथेतला हा सरदार. तारुण्य लढायांत गेले. मग धाकट्या भावाच्या वाग्दत्त वधूवर, तात्यानावर, त्याचा जीव जडला. त्याने मृत्यूशी करार केला आणि लग्नाच्याच दिवशी भावाचा खून केला. तात्यानाने गडावरून उडी घेतली. हा मात्र रक्तपिपासू होऊन मागे उरला. त्याला कुणी दुष्ट जन्माला घातले नाही. त्याने निवड केली, आणि ती निवड त्याला आजही छळते. खेळाडू त्याचा द्वेष करतात, पण त्याला ओळखतातही.

याच खेळातले ऑर्क पाहा. त्यांना नाव नाही, भूतकाळ नाही. कूळ हाच गुन्हा. गायगॅक्स यांच्या ‘द कीप ऑन द बॉर्डरलँड्स’ (१९७९) या साहसात गुहांमध्ये ऑर्कांची बायकापोरेही आहेत. त्यांचे काय करायचे, या प्रश्नावर कितीतरी टेबलांवर वाद झाले. खेळाडूंच्या मनाला जे टोचले, त्याचे उत्तर पुस्तकापाशी नव्हते.

खुद्द स्ट्राडची कथाही या दोषातून सुटलेली नाही. २०१६ साली ती ‘कर्स ऑफ स्ट्राड’ या नावाने नव्याने आली. तीत व्हिस्तानी नावाची भटकी जमात आहे. पत्ते पाहून भविष्य सांगणारी, मद्यात रमणारी, बरीचशी स्ट्राडची हेरगिरी करणारी. युरोपातल्या रोमानी लोकांवर शतकानुशतके मारलेले शिक्केच हे. ज्यांची भाषा आपल्या मराठी-हिंदीच्याच कुळातली, ते हे लोक. एका सरदाराला मन देणाऱ्या लेखणीने जमातीला मात्र नुसता स्वभाव दिला. २०२० साली प्रकाशक विझार्ड्स ऑफ द कोस्ट यांनी हे जाहीरपणे मान्य केले, व्हिस्तानींच्या चित्रणात बदल केले आणि ऑर्कांनाही माणसासारखे गुंतागुंतीचे दाखवू असे म्हटले.

यामुळे खेळाची धार गेली, अशी ओरड काहींनी केली. आम्हाला ती पटत नाही. स्ट्राडची धार कुळातून आलेलीच नाही. ती भावाच्या रक्तातून आली आहे. एकाच्या गुन्ह्यासाठी साऱ्या मोहल्ल्याकडे बोट दाखवले जाते तेव्हा काय वाटते, हे आमच्या वाचकांना सांगायला नको. खलनायक जरूर रंगवा, काळाकुट्ट रंगवा. पण त्याचा हिशेब त्याच्याच नावावर मांडा.