आर्चीचे वडील

बारच्या मागची कोठी. दार अडकलंय, आत गारठा आहे आणि सासरा-जावई दोघंच कोंडले गेलेत. हाताशी दारू आहे, त्यामुळे जिभा सैल होतात. 'ऑल इन द फॅमिली' या अमेरिकी मालिकेतला 1978 सालचा हा भाग. सासरा आर्ची बंकर न्यूयॉर्कच्या क्वीन्समधला, कामगारवर्गातला माणूस. काळे, ज्यू, बायका, कुणाबद्दलचाही पूर्वग्रह तोंडावर फेकणारा. जावई माइक शिकलेला, उदारमतवादी, या माणसाशी वर्षानुवर्षं वाद घालत आलेला.

आर्ची सांगतो, घरात इतकी ओढाताण होती की एका पायात साधा जोडा आणि दुसऱ्यात उंच बूट घालून शाळेत जावं लागे. त्यावरून पोरांनी त्याला नाव पाडलं होतं. मग वडिलांचा विषय निघतो. असली मतं शिकवण्यात ते चुकले, असं माइक म्हणतो, आणि आर्ची उसळतो. घरासाठी राबणारा, बागेत हात धरून फिरवणारा बाप चुकेल कसा? त्या हाताचंच बोलता बोलता तो सांगून जातो, की मला मारताना एकदा तो हात मोडला होता. कपाटात सात तास कोंडल्याचंही तो सांगतो. सगळं कौतुकाने, प्रेमाचा पुरावा म्हणून! आर्ची साकारणारा नट कॅरल ओ'कॉनर हे बोलताना कुठेही कळवळा मागत नाही. म्हणूनच ऐकणाऱ्याच्या पोटात कालवतं.

हा भाग मालिकेचे निर्माते नॉर्मन लिअर यांनी स्वतः लिहिलेला नव्हता. पण आर्ची घडवला त्यांनी. जॉनी स्पाइट यांच्या ब्रिटिश मालिकेचा सांगाडा घेऊन त्यांनी त्यात आपलं घर वसवलं. एबीसीने दोनदा नाकारलेली ही मालिका अखेर 12 जानेवारी 1971 रोजी सीबीएसवर आली. आर्ची बायकोला गप्प करतो तो शब्द लिअर यांचे वडील त्यांच्या आईला ऐकवत. नॉर्मन नऊ वर्षांचे असताना फसवणुकीच्या गुन्ह्यात वडील तुरुंगात गेले; घरातलं सामान विकायला काढलं, त्यात वडिलांची लाल चामड्याची खुर्चीही गेली. अशा बापावरही मुलाचा जीव असतो, हे लिअर यांना कुणी शिकवायला नको होतं.

पुढे 'मॉड' या मालिकेत त्यांनी 1972 साली गर्भपाताचा विषय घरोघरी नेला. 1975 च्या 'द जेफर्सन्स'मधला काळा व्यावसायिक जॉर्ज आर्चीइतकाच हेकट ठेवला, हे मला त्यांचं विशेष धाडस वाटतं.

आर्चीमुळे पूर्वग्रह लोभस झाला, असा आक्षेप तेव्हापासून घेतला जातो. मला तो या कोठीपुढे टिकत नाही. इथे आर्चीचं एकही मत बरोबर ठरत नाही, आणि त्याला माफीही मिळत नाही. ती मतं कुठल्या घरातून, कुठल्या हातून आली, ते दिसतं. माइकचे इतक्या वर्षांचे बिनतोड युक्तिवाद तिथवर पोचलेच नव्हते.