अटी मान्य, पण कोणाच्या वतीने?

गेल्या वर्षी आमच्या उर्दू माध्यमाच्या शाळेत मुला-मुलींच्या निबंधांचा व चित्रांचा एक अंक काढायचे ठरले. निबंधाचा विषय होता 'मेरा घर'. आठवीतल्या एका मुलीने घरावरच्या कर्जाविषयी आणि रात्री अम्मी-अब्बांत होणाऱ्या बोलण्याविषयी इतक्या मोकळेपणाने लिहिले की, ती वही आम्ही स्टाफरूमच्या टेबलावर न ठेवता कपाटात कुलूपबंद केली. हा निबंध छापायचा नाही, असेही मनाशी ठरवले. परंतु त्याआधीच निवडीसाठी म्हणून वर्गाचे सगळे निबंध टाइप करून इंटरनेटवरील एका मोफत सेवेत आम्हीच चढवले होते आणि पडद्यावर आलेल्या 'अटी मान्य' या चौकटीवर न वाचता टिचकी मारली होती.

आपण नेमके काय मान्य केले, हा प्रश्न आम्हांस उशिराच पडला. उत्तर शोधताना आम्ही या प्रकारातला एक बराच गाजलेला मजकूर वाचायला घेतला, तो म्हणजे ॲडोबी या अमेरिकन कंपनीच्या 2024 सालच्या वापराच्या अटी. करारनाम्याला कोणी साहित्य म्हणत नाही. पण ज्या मजकुराला लेखक-कलावंत रोज होकार देतात, त्याची समीक्षा साहित्याच्या अंकात व्हायला हरकत नसावी.

ॲडोबीची स्थापना 1982 ची. तिचे फोटोशॉप 1990 मध्ये आले आणि पुढे ते आपल्याकडेही घराघरांत नसले तरी गल्लीगल्लीत पोहोचले. शादीची पत्रिका, मुशायऱ्याचे पोस्टर, कवितासंग्रहाचे मुखपृष्ठ यांपैकी काही ना काही त्यावर तयार झालेले आपण सर्वांनी हाताळले आहे. पूर्वी हे सॉफ्टवेअर एकदा विकत घेतले की आपले होत असे. 2013 मध्ये कंपनीने यापुढच्या आवृत्त्या फक्त वर्गणीवर मिळतील असे जाहीर केले. तेव्हापासून कलावंत हा मालक न राहता भाडेकरू झाला. घरमालकाने भाडेपट्टी बदलली की भाडेकरूने एक तर सही करावी, नाही तर घर सोडावे.

अटींतील बदलाची तारीख 17 फेब्रुवारी 2024 होती. पण गदारोळ उठला जूनच्या पहिल्या आठवड्यात, त्या नव्याने मान्य करण्याची सूचना वापरकर्त्यांच्या पडद्यावर झळकली तेव्हा. मान्य केल्याशिवाय कामच उघडत नाही, अशी अनेकांची तक्रार होती. त्या मजकुरातील दोन कलमे लोकांना खटकली. पहिले कलम म्हणत होते की, कंपनी तुमचे काम यंत्राद्वारे तसेच माणसांकरवीही पाहू शकते, उदाहरणार्थ तपासणीसाठी. दुसऱ्या कलमाने कंपनीला तुमच्या कामाचा वापर करण्याचा, प्रती काढण्याचा, त्यात बदल करण्याचा जगभराचा विनामोबदला परवाना दिला होता, आपली सेवा चालवण्यासाठी आणि सुधारण्यासाठी. गुप्ततेच्या करारावर सही करून चित्रपटांसाठी व जाहिरातींसाठी काम करणाऱ्यांची पंचाईत झाली. गिऱ्हाइकाला दिलेला शब्द पाळावा, की सॉफ्टवेअर उघडावे?

समीक्षक म्हणून हा मजकूर वाचताना दोन शब्दांपाशी आम्ही थांबलो. एक म्हणजे 'शकते'. कंपनी पाहते असे तो म्हणत नाही, पाहणार नाही असेही म्हणत नाही, पाहू 'शकते' म्हणतो. या एका क्रियापदात सगळी सत्ता सामावलेली आहे. दुसरा शब्द 'कन्टेन्ट'. हम्द असो, हिशेबाचा कागद असो की पोरीच्या मनातले दुःख असो, या भाषेत सगळे एकच, कन्टेन्ट. साहित्याच्या चर्चेत आपण ज्याला आशय म्हणतो, तो इथे गोदामातला माल होतो.

परंतु न्याय करायचा तर दुसरी बाजूही ऐकली पाहिजे. चित्र कंपनीच्या संगणकावर ठेवायचे, त्याची छोटी प्रतिमा दाखवायची, ते दुसऱ्याला पाठवू द्यायचे, तर प्रत काढण्याचा परवाना लागतोच. मुलांच्या लैंगिक शोषणाची चित्रे कोणी तिथे साठवू नयेत म्हणून तपासणी होते, तिलाही कोणता सुज्ञ पालक विरोध करील? कातिबाच्या काळातही शायराची बयाज कातिब वाचतच असे, न वाचता किताबत होत नाही. फरक इतकाच की कातिबाचे नाव, गल्ली आणि जबान आपल्याला ठाऊक असे. त्याने गझल बाहेर फोडली तर जाब विचारायला दार होते.

ॲडोबीने आठवडाभरात खुलासे केले आणि 18 जून 2024 रोजी सुधारित अटी प्रसिद्ध केल्या. काम तुमचेच राहील, तुमच्या स्वतःच्या संगणकातल्या फायली आम्ही तपासत नाही, चित्रे निर्माण करणाऱ्या कृत्रिम बुद्धिमत्तेला तुमच्या कामावर शिकवणार नाही. विक्रीसाठी ॲडोबी स्टॉकमध्ये दिलेले काम मात्र वेगळे, असे त्यांत सांगितले. लोकांनी आवाज उठवला म्हणून मजकूर बदलला, ही मोठी गोष्ट आहे. तरीही शंका का उरली? कारण मागचा अनुभव. मार्च 2023 मध्ये कंपनीने 'फायरफ्लाय' आणले, तेव्हा ते मुख्यतः ॲडोबी स्टॉकमधील चित्रांवर शिकवल्याचे सांगितले. परवान्यानुसार ते बसत असेलही. पण फायरफ्लायचे नावही नव्हते त्या काळात ज्यांनी आपली छायाचित्रे विक्रीला ठेवली, त्यांच्यापैकी अनेकांना आपण याला होकार दिला होता असे वाटेना. म्हणजे परवान्याचे शब्द तेच राहतात आणि त्यांचा अर्थ पुढे वाढत जातो.

हे एकाच कंपनीचे नाही. 31 ऑक्टोबर 2017 रोजी गुगल डॉक्समध्ये लिहिणाऱ्या कित्येकांना, अटींचा भंग झाला असे सांगून, स्वतःचेच लिखाण उघडेना. कंपनीने ती तांत्रिक चूक असल्याचे मान्य केले, पण आपले लिखाण कोणते तरी यंत्र तपासत असते हे त्या दिवशी अनेकांना प्रथम समजले. जुलै 2025 मध्ये फायली पाठवणाऱ्या वीट्रान्सफरने अटींत मशीन लर्निंगचा उल्लेख घातला आणि ओरड होताच तो काढून टाकला.

आता आपल्या कायद्याशी तुलना करून पाहू. 1957 च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम 19 नुसार लेखकाने हक्क दिले तरी करारात मुदत लिहिलेली नसल्यास ती पाच वर्षे धरली जाते, आणि प्रदेश लिहिलेला नसल्यास भारतापुरती. जिथे कागद मुका असतो तिथे हा कायदा लेखकाच्या बाजूने बोलतो. पडद्यावरचा मजकूर मुका नसतो, फार बोलका असतो. 'जगभर' हा शब्द तो आधीच लिहून ठेवतो.

आणि इथेच आम्ही स्वतःच्या गुन्ह्याशी परत येतो. 1872 च्या करार कायद्याप्रमाणे अज्ञान मूल करार करू शकत नाही. 2023 चा वैयक्तिक माहितीविषयीचा कायदाही 18 वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांच्या पडताळता येईल अशा संमतीची अट घालतो. निबंधाची लेखिका ती मुलगी. मग त्या चौकटीवर 'मान्य' म्हणणारे आम्ही कोण? अशा अटींत बहुधा एक वाक्य असते की, चढवलेल्या मजकुराचे हक्क आपल्याकडे आहेत, याची हमी वापरणारा देतो. ती हमी आम्ही दिली आणि ती खोटी होती.

कंपन्यांवर टीका करणे सोपे आहे, आणि ती केलीच पाहिजे. पण कोणाची अमानत आपल्या हाती असताना 'सगळेच दाबतात' हा बचाव होत नाही. कलावंत स्वतःच्या चित्रापुरता धोका पत्करू शकतो. शिक्षक, संपादक, अनुवादक मात्र दुसऱ्याचे लिखाण सांभाळतात. त्यांनी तरी बटणाआधी लेखकाला विचारावे, कच्चा मसुदा स्वतःच्या संगणकात ठेवावा, आणि अंकात जायचे तेवढेच बाहेर पाठवावे. यात पैसा लागत नाही, थोडा वेळ लागतो.

ते निबंध आम्ही त्या सेवेतून काढून टाकले. त्यांची प्रत कुठे उरली की नाही, हे जाणण्याचा मार्ग आमच्यापाशी नाही. मग त्या मुलीला बोलावून झालेली गोष्ट सांगितली. ती रागावली नाही. थोडा वेळ गप्प राहिली आणि तिने एवढेच विचारले, "टीचर, वो कौन कौन पढ़े होंगे?"

आम्हांला उत्तर देता आले नाही.