तोडलेली पावले आणि आपली घाई

आजचा विषय आपल्या पायाखालचा आहे. १९५०-५१ साली डॉ. ह. धी. सांकलिया आणि डॉ. शां. भा. देव यांनी आपल्या नाशकात आणि संगमनेरजवळच्या जोर्वे गावी उत्खनन केले. त्या जोर्व्यावरून ओळखली जाणारी ताम्रपाषाणयुगीन संस्कृती पुढे नेवासे, दायमाबाद, इनामगाव इथे अधिक स्पष्ट झाली. काळ साधारण इ.स.पू. १४०० ते ७००.

ही माणसे मृतांना घराच्या जमिनीखालीच पुरत. लहान मूल गेले तर दोन कुंभ तोंडाला तोंड लावून आडवे ठेवत, त्यात मूल. मोठ्यांना उत्तर-दक्षिण निजवत आणि घोट्याखाली त्यांची पावले तोडत. शेजारी तोटीचे भांडे, वाडगे.

पावले का तोडली? मृताचे भूत होऊन ते पळू नये म्हणून, असे स्पष्टीकरण दिले जाते. आपल्यालाही ते लगेच पटते. भुताखेतांच्या गोष्टी आपण लहानपणापासून ऐकलेल्या. माझा आक्षेप इथेच आहे. ज्याची भीती वाटते त्याला कोणी चुलीशेजारी ठेवून घेतो का? ‘परत येऊ नकोस’ हा अर्थ बसतो, तसाच ‘सोडून जाऊ नकोस’ हाही बसतो. पुरावा एकच, अर्थ दोन, तेही उलटे. शिवाय इनामगावात चार पायांच्या मातीच्या रांजणात बसवलेला एक पुरुष सापडला. त्याची पावले शाबूत! तो प्रमुख असावा म्हणतात. पण मग भुताच्या भीतीतून प्रमुखाला सूट कशी?

इजिप्तमध्ये थडग्यांत लेख आहेत, म्हणून तिथली श्रद्धा थोडीफार वाचता येते. इथे लिपीच नाही. उत्खननात कृती सापडते, श्रद्धा सापडत नाही.

आता रामकुंडावर चला. पिंडदान करणाऱ्या दहा जणांना विचारा, हे कुणाला पोचते? कोणी म्हणेल वडिलांना, कोणी म्हणेल आईच्या समाधानासाठी, कोणी म्हणेल माझा विश्वासच नाही. कृती मात्र दहाही जणांची एकच. चार्वाकांनी फार पूर्वी टोला मारला होता: श्राद्धाचे अन्न मेलेल्याला पोचत असेल, तर प्रवाशाने शिदोरी कशाला न्यावी? तर्क बिनतोड आहे. तरी पिंड थांबले नाहीत. कारण बऱ्याचदा माणूस आधी करतो, आणि का केले ते नंतर ठरवतो.

म्हणून त्या तोटीच्या भांड्याबद्दल मी एवढेच म्हणेन: कोणीतरी ते मृताशेजारी जपून ठेवले. त्या घरात परलोकाची कल्पना काय होती, हे सांगण्याची घाई आपण करू नये.