अटी घातलेला रुपया

मागच्या व्याख्यानात आपण गेऑर्ग झिमेलपाशी थांबलो होतो. १९०० साली पैशाच्या तत्त्वज्ञानावर ग्रंथ लिहिताना त्याने एक साधी गोष्ट हेरली. कुळाने मालकाला वेठ द्यायची म्हणजे अंगमेहनत मालकाची. धान्य द्यायचं म्हणजे निदान पीक मालकाच्या मर्जीचं. रोख पैसे द्यायचे ठरले, की ते कुठून आणले हे विचारायचं मालकाला कारण उरत नाही. कूळ तेवढं मोकळं होतं.

आता रिझर्व्ह बँकेचं ८ फेब्रुवारी २०२४ चं पतधोरणाचं निवेदन बघा. किरकोळ व्यवहारांसाठी ई-रुपयाचा प्रयोग १ डिसेंबर २०२२ पासून सुरूच होता. या निवेदनात त्याला 'प्रोग्रॅम' करण्याची सोय द्यायचं ठरलं. म्हणजे पैसा कोणत्या कामासाठी, किती मुदतीत आणि कोणत्या भागात खर्चता येईल, हे आधीच ठरवून ठेवता येईल. आमच्या मते हा झिमेलच्या तिसऱ्या पायरीवरून दुसरीवर उतरण्याचा प्रकार आहे.

हेतू वाईट आहे असं आम्ही म्हणत नाही. खताचे पैसे खतालाच जावेत, दारूला जाऊ नयेत. ठीक. पण पेरणीच्या तोंडावर घरात पोर तापाने फणफणलं तर? खत आठ दिवस थांबेल, डॉक्टर थांबणार नाही. हा विवेक माणसाचा आहे. तो आधीच कुणीतरी वापरून ठेवला, तर हातात उरतं ते कुपन. त्याला रुपया का म्हणायचं?

इथे हमखास प्रश्न येतो, "सर, नोटबंदी तर रोखीवरच आली होती ना?" बरोबर आहे. ८ नोव्हेंबर २०१६ ला पाचशे-हजारच्या नोटा रद्द झाल्या, आणि डाळीच्या डब्यात नवऱ्यापासून लपवलेले बाईचे पैसे त्याच्यासमोर मोजायची वेळ आली. पण ती घोषणा टीव्हीवर झाली, राजपत्रात आली. सगळ्यांना एकदम कळली, म्हणून भांडता आलं. खटला सर्वोच्च न्यायालयात गेला. २ जानेवारी २०२३ ला निकाल सरकारच्या बाजूने लागला खरा, तरी पाचांपैकी एका न्यायमूर्तींनी विरोधी मत नोंदवलं. प्रोग्रॅम केलेल्या पैशातली अट मात्र एकट्या माणसाला, एकाच दुकानात, गुपचूप आडवी येऊ शकते. त्याने जाब कुणाला विचारायचा?

काळ्या पैशाचा मुद्दा आम्हाला मान्य आहे. त्यासाठी दोन लाख किंवा त्याहून अधिक रोख स्वीकारायला प्राप्तिकर कायद्याने २०१७ पासूनच बंदी आहे. डब्यातले पैसे त्याच्या आसपासही नसतात.

लहान व्यवहारांत गोपनीयता राखू, असंही सांगितलं जातं. आम्हीही भाजीवाल्याला फोननेच पैसे देतो (मुलीने शिकवलं), तेव्हा सोयीचं वैर नाही. पण नोटेची गोपनीयता कुणी राखावी लागत नाही, कारण नोंदवहीच नसते. २०१७ च्या पुट्टस्वामी निकालात नऊ न्यायमूर्तींनी एकमताने खासगीपणा मूलभूत हक्क ठरवला. नोंदवही ज्याच्या हाती, त्याच्या शब्दावर विसंबलेला खासगीपणा त्या हक्काच्या मापात बसतो का, हे तपासायला हवं.

२०२२ च्या वित्त कायद्याने 'बँक नोट' या व्याख्येत डिजिटल रूप आलं. ते संसदेतून आलं. मग त्या नोटेवर कोण, कोणत्या अटी घालू शकेल आणि दुकानदार साधी नोट नाकारू शकेल का, हेही संसदेतच ठरावं, एवढं आमचं मागणं आहे.