'पत्तेमारी' : बिनकागदी माणसाची कहाणी

सलीम अहमद यांचा 'पत्तेमारी' हा 2015चा मलयाळम चित्रपट कोकणी मुसलमानांनी आवर्जून पाहावा असा आहे. नावही ओळखीचेच. आपल्या बंदरांत जिला फत्तेमारी म्हणत, तेच हे शिडाचे गलबत.

1960च्या दशकात नारायणन (मम्मुटी) अशाच गलबतातून चोरून दुबईकडे निघतो. पासपोर्ट नाही, व्हिसा नाही. खोर फक्कानचा किनारा दूर असतानाच माणसे पाण्यात उतरवली जातात. जो पोहेल तो पोचेल. पुढे उभा जन्म तो परमुलखात घालवतो, घरी पैसे धाडतो. गावात त्याचे घर उभे राहते, पण त्या घरात राहणे त्याच्या नशिबी येत नाही.

या चित्रपटाचे मोठेपण त्यातल्या प्रश्नांच्या क्रमात आहे. 'तुझे कागद कुठे?' या प्रश्नाआधी तो 'तू का निघालास?' असे विचारतो. घरची गरिबी, बहिणींची लग्ने, गावात नसलेले काम ही उत्तरे आपल्याला नवी नाहीत. कोकणातूनही माणसे याच कारणांनी बाहेर पडली. आधी मुंबईला, बोटीवर खलाशी म्हणून, मग आखातात. 1966पर्यंत दुबईत भारताच्या रिझर्व्ह बँकेने काढलेला खास रुपया चालत असे. तो मुलूख तेव्हा इतका परका वाटत नव्हता. लाँचने गेलेल्या त्या पिढीच्या गोष्टी आपल्या मोहल्ल्यांत अजून कौतुकाने सांगितल्या जातात. त्यांना 'घुसखोर' कोणी म्हणत नाही.

मात्र चित्रपटात एक उणीव जाणवते. नारायणन फार सज्जन आहे. तो स्वतःसाठी काही मागत नाही, म्हणून प्रेक्षक त्याला सहज माफ करतो. पण जो इतका सोशीक नाही त्याचे काय? माणुसकी मिळवायला आधी संत व्हावे लागते काय? या बाबतीत बेन्यामिन यांची 'आडुजीवितम' (2008) ही कादंबरी पुढे जाते. तिच्यातला नजीब रीतसर व्हिसा घेऊन सौदीला जातो, पण विमानतळावरून भलताच अरबाब त्याला उचलून नेतो आणि वाळवंटात बकऱ्या राखायला लावतो. सुटकेसाठी शेवटी त्याला पोलिसांच्याच हाती जावे लागते. बिनकागदी होण्यात दरवेळी मजुराचाच गुन्हा असतो असे नाही, हे ही कादंबरी ठसवते.

आता आपल्या अंगणात पाहू. मिरकरवाड्याच्या बोटींवर आणि आंब्याच्या बागांत नेपाळी माणूस काम करतो. 1950च्या करारामुळे त्याला व्हिसा लागत नाही, म्हणून त्याच्याबद्दल कोणी कुजबुजत नाही. बंगाली बोलणारा गवंडी आला की मात्र नजरा बदलतात, आपल्यातल्यासुद्धा. जून 2025मध्ये मीरा रोड भागात पकडलेल्या मुर्शिदाबादच्या एका गवंड्याला बांगलादेशात ढकलण्यात आले. तो भारतीयच निघाला आणि त्याला परत आणावे लागले. कागद मागण्याचा अधिकार सरकारला आहेच. पण भाषा आणि नाव ऐकून आधीच निकाल लागत असेल, तर कागद असून उपयोग काय? आणि खरोखरच सीमा ओलांडून आलेला असेल, तरी त्याच्या पोटाचे कारण नारायणनच्या कारणाहून वेगळे कसे? जकातीच्या आठ हकदारांत 'इब्नुस्सबील' म्हणजे वाटसरूही आहे, हे आपण मदरशात पाठ केलेले असते.

मल्याळी लेखकांनी आपल्या परागंदा माणसांची कहाणी लपवली नाही. आपण आखातातून आलेल्या पैशाचे बंगले दाखवतो. तो पैसा कसा आला हे लिहायला संकोचतो. लाँचने गेलेली म्हातारी माणसे अजून काही घरांत आहेत. मुस्लिम मराठी लेखकांनी त्यांच्याजवळ बसावे, ऐकावे आणि लिहावे. ते वाचलेला माणूस बंगाली गवंड्याला घुसखोर म्हणण्याआधी निदान एकदा थांबेल.