‘चालून राहिला का?’ : कमी ताकदीचा संगणक आणि गेमची समीक्षा

नागपुरात नवा गेम आला की पहिला प्रश्न ‘कसा आहे?’ हा नसतो. पहिला प्रश्न असतो, ‘तुझ्यावर चालून राहिला का बे?’ तुझ्यावर, म्हणजे तुझ्या पीसीवर. माणूस आणि मशीन यांत आपण फार फरक करत नाही. (हशा) हसा, पण माझं आजचं म्हणणं याच प्रश्नाभोवती आहे. गेमची परीक्षणं आपण वाचतो, बघतो. ती ज्या ग्राफिक्स कार्डावर खेळून लिहिलेली असतात ते कार्ड ऐकणाऱ्याच्या घरी नसतं. म्हणजे परीक्षण एका गेमचं, आणि खेळणारा खेळतो दुसराच.

दुसराच कसा, ते सांगतो. ‘जीटीए व्हाइस सिटी’ पीसीवर आला मे २००३ मध्ये. किमान गरज होती ८०० मेगाहर्ट्‌झचा पेंटियम थ्री, १२८ एमबी रॅम आणि ३२ एमबीचं ग्राफिक्स कार्ड. आपल्याकडे बर्डीवरून असेंबल करून आणलेल्या पीसीत वेगळं कार्ड नसायचंच. मदरबोर्डवरचंच इंटेलचं असायचं, नाव काय तर ‘एक्स्ट्रीम ग्राफिक्स’. नावातच काय ते एक्स्ट्रीम! आकृत्यांचं आणि प्रकाशाचं गणित स्वतः करणारा भाग त्यात नव्हता, ते सगळं ओझं प्रोसेसरवर. काही गेम तर असा भाग नाही म्हटल्यावर सुरूच व्हायचे नाहीत. मग ‘थ्रीडी अ‍ॅनलाइज’ नावाचं एक छोटं सॉफ्टवेअर यायचं, सीडीवरून, मित्राकडून. त्यात एका चौकोनात टिक केली की ते गेमला थाप मारायचं, ‘आहे, आहे, तो भाग आहे.’ आणि गेम बिचारा विश्वास ठेवायचा.

तर आमचा व्हाइस सिटी. रिझोल्यूशन ६४० बाय ४८०, आणि ‘ड्रॉ डिस्टन्स’, म्हणजे किती लांबपर्यंतचं दिसेल ती पट्टी, पार डावीकडे. परिणाम असा की गाडी जोरात हाणली की दिव्याचा खांब ऐन समोर उगवायचा. मग आम्ही काय केलं? हळू चालवायला लागलो. वळणं पाठ केली. झगमगाट आणि वेग यांच्यासाठी बनवलेला गेम आम्ही पाठांतराचा गेम म्हणून खेळलो, पाढे म्हणावेत तसा. आजही मला त्या शहराचे रस्ते आठवतात, निऑनचे दिवे मात्र आठवत नाहीत. निऑन आमच्यापर्यंत पोचलाच नव्हता.

आता कोणी म्हणेल, ही तर बिघडलेली प्रत झाली, तिची कसली समीक्षा? मला हे मान्य नाही. यंत्राची मर्यादा ही गेमच्या रूपाचाच भाग असते, आणि याचा पुरावा खुद्द बनवणाऱ्यांनीच दिलाय. १९९९ च्या ‘सायलेंट हिल’मधलं ते भीतिदायक धुकं पहिल्या प्लेस्टेशनला लांबचं काढता येत नव्हतं म्हणून आलं. पण माझं आवडतं उदाहरण ‘सॅन अँड्रियास’चं आहे. मूळ गेममध्ये लांबचं सगळं धुरकट. तीन शहरं, मध्ये डोंगर, वाळवंट, आणि आपल्याला वाटायचं केवढं मोठं राज्य आहे हे! २०२१ मध्ये त्याची नवी, सुधारित आवृत्ती आली. ताकदवान यंत्रं होती, धुकं काढून टाकलं. आणि लोक उंचावर जाऊन बघतात तो काय, तीनही शहरं एका नजरेत! अख्खं राज्य एखाद्या लेआउटएवढं. खेळणाऱ्यांनी इतकी ओरड केली की पुढे कंपनीला धुकं परत आणावं लागलं. म्हणजे प्रवासाची लांबी त्या धुक्यात होती.

पण थांबा. इथून गरिबीचं कौतुक करायला मी निघालेलो नाही. ‘आपला जुगाड बघा’ असं म्हणत टाळ्या घेणं सोपं आहे. सॅन अँड्रियासचं धुकं बनवणाऱ्यांनी निवडलेलं होतं, आमच्या व्हाइस सिटीचं आमच्यावर आलेलं होतं. एकात रचना आहे, दुसऱ्यात नाइलाज. समीक्षेने हा फरक केलाच पाहिजे. आणि नाइलाज अजून संपलेला नाही. आजच्या स्वस्त लॅपटॉपमधला सेलेरॉन एन ४०२० हा प्रोसेसर ६ वॅटचा आहे, घरातल्या एलईडी ट्यूबहूनही कमी. त्यात आपलं ऊन. मे महिन्यात पारा ४५ वर, कूलरच्या पाण्याची बोंब. चिप तापली की स्वतःला वाचवायला स्वतःच वेग कमी करते. त्यामुळे सकाळी सातला चालणारा गेम दुपारी तीनला अडखळतो. कुठल्या परीक्षणात हे वाचलंय तुम्ही?

याच कारणाने पुण्यात बनलेल्या ‘राजी’बद्दल मला थोडं कडू बोलायचं आहे. नॉडिंग हेड्स गेम्सने तो केला. राजी नावाची मुलगी आपल्या भावाला, गोलूला, शोधत निघते. राजस्थानी वास्तू, पहाडी शैलीची चित्रं. देखणा गेम आहे, नक्की खेळा. पण ऑगस्ट २०२० मध्ये तो आधी आला निन्टेन्डो स्विचवर, आणि ते यंत्र भारतात अधिकृतपणे विकलंच जात नव्हतं. पीसीवर दोन महिन्यांनी आला. छोट्या स्टुडिओची पैशाची अडचण मला समजते. तरी भिंतीवरच्या चित्रांतून गोष्ट सांगणारा गेम, आणि रिझोल्यूशन उतरवलं की तीच चित्रं पुसट! त्याच वर्षी आलेल्या ‘व्हॅलोरंट’ला कथा नाही, चित्रं नाहीत, पण तो इंटेल एचडी ४००० वर ३० फ्रेमने चालेल असं कंपनीने आधीच ठरवलं होतं. सपाट रंग, मोकळ्या भिंती. रूपच त्या हिशोबाने घडवलेलं. कलाकृती म्हणून मला राजी जास्त आवडतो. पण आपल्या मुलांना खेळणारे समजून बनवलेला गेम कोणता, असं विचारलंत तर उत्तर पुण्याचं येत नाही, आणि हे बोलताना मला बरं वाटत नाही.

तुमच्यातले जे परीक्षणं लिहितात, व्हिडिओ करतात, त्यांना एवढंच सांगेन : पहिल्या ओळीत मशीन लिहा, खोलीत कूलर होता की एसी तेही लिहा. बरं, प्रश्न घेऊ या. तिकडे मागे, पंख्याखाली हात वर आहे…