निरर्थक शब्दांचे वाचन : मापन आणि अध्यापन यांतील सीमारेषा

प्रास्ताविक

मूल खरोखर वाचते की पाठ झालेले म्हणून दाखवते, हा प्रारंभिक वाचनाच्या क्षेत्रातील जुना प्रश्न आहे. 'क'शेजारी कमळाचे चित्र असले की मूल चित्र पाहूनही 'कमळ' म्हणते. निरर्थक शब्दाला असा आधार नसतो. तो वाचण्यासाठी अक्षर आणि ध्वनी यांचा संबंधच उपयोगी पडतो. याच तत्त्वावर इंग्लंडमध्ये २०१२ पासून पाच-सहा वर्षांच्या मुलांची चाचणी घेतली जाते. तीतील ४० शब्दांपैकी २० निरर्थक असून त्यांच्याजवळ काल्पनिक प्राण्यांची चित्रे असतात. भारतातही इयत्ता तिसरीसाठी २०२२ मध्ये झालेल्या पायाभूत अध्ययन सर्वेक्षणात निरर्थक शब्दांच्या वाचनाचा समावेश होता.

इंग्लंडचा अनुभव

या चाचणीचे निदानमूल्य नाकारता येत नाही. परंतु मापनाचे साधन अध्यापनाचे साध्य होऊ लागले की त्याचे मूल्य घटते. पहिल्या दोन वर्षांत ३२ हा उत्तीर्णतेचा गुणांक आधीच जाहीर होता आणि निकालांत नेमक्या ३२ गुणांवर मुलांची संख्या एकदम वाढलेली आढळली. २०१४ पासून हा गुणांक चाचणीनंतर जाहीर होऊ लागला. अर्थाच्या शोधात असलेले चांगले वाचक निरर्थक शब्दाचे परिचित शब्दात रूपांतर करतात आणि त्यामुळे गुण गमावतात, असाही आक्षेप घेण्यात आला. गफ आणि टनमर यांनी १९८६ मध्ये वाचन हा विसंकेतन आणि भाषिक आकलन यांचा गुणाकार मानला. त्यांतील एक घटक शून्य असेल, तर गुणाकारही शून्यच होतो. निरर्थक शब्द यांपैकी पहिलाच घटक मोजतात.

मराठीच्या संदर्भात

इंग्रजीत एकाच अक्षराचे अनेक ध्वनी असल्याने तेथे या चाचणीचे प्रयोजन स्पष्ट आहे. देवनागरीत हा संबंध बराच नियमित असला तरी पूर्णतः सरळ नाही. 'चंद्र'मधील तालव्य 'च' आणि 'चांदणे'मधील दंततालव्य 'च' लेखनात एकच आहेत. उच्चार ठरतो तो शब्दाच्या ओळखीने. मग 'चबूळ' या निरर्थक शब्दाचा कोणता उच्चार बरोबर मानावा? 'टपमल' हे 'टप्-मल्' असे वाचणारे मूल आणि प्रत्येक अक्षर पूर्ण उच्चारणारे मूल, यांपैकी चुकले कोण? इंग्लंडमध्ये निरर्थक शब्दांचे सर्व संभाव्य उच्चार ग्राह्य धरतात. मराठी चाचणीतही ही मुभा स्पष्टपणे नमूद हवी. अन्यथा लिपीच्या स्वभावाचा दोष मुलाच्या माथी बसेल.

दुसरा प्रश्न अधिक गंभीर आहे. घरी कोरकू, गोंडी किंवा भिली बोलणाऱ्या मुलाला पाठ्यपुस्तकातील कित्येक मराठी शब्द प्रारंभी निरर्थकच असतात. ते मूल निरर्थक शब्दही अचूक वाचेल आणि सार्थ शब्दही. तथापि त्याला अर्थबोध दोन्हींतून होणार नाही. केवळ उच्चारावर आधारलेला निष्कर्ष अशा मुलाला 'वाचक' ठरवतो आणि त्याची खरी गरज, म्हणजे शब्दसंग्रह व मौखिक भाषेचा विकास, दृष्टिआड करतो.

याचा अर्थ निरर्थक शब्दांना वर्गात स्थानच नाही असा नव्हे. 'भाकरी-बिकरी', 'पुस्तक-बिस्तक' अशी जोडरूपे मुले सहज घडवतात. त्यांतील 'बिकरी', 'बिस्तक' हे सुटे घटक फळ्यावर लिहून वाचून घेतले, तर विसंकेतनाचा सराव होतो आणि मूळ सार्थ शब्दाशी नातेही तुटत नाही.

निष्कर्ष

निरर्थक शब्द हे वाचनातील एका घटकाचे प्रभावी निदानसाधन आहे. तो अभ्यासक्रमाचा आशय नव्हे. त्याचा उपयोग मर्यादित वेळेपुरता, मराठीच्या उच्चारनियमांना धरून आणि आकलनाच्या स्वतंत्र चाचणीच्या जोडीनेच व्हावा. अध्यापक-शिक्षणातही ही सीमारेषा आग्रहाने शिकवली जाणे आवश्यक आहे. मूल अक्षरे उच्चारू लागले, एवढ्यावर समाधान मानणे म्हणजे उंबरठ्यालाच घर समजणे होय.